निवृत्तीनंतर नव्या शहरात माणसं कशी जोडायची?

तुम्ही लिहिलंय की पत्नी गेल्यावर सांगलीचं घर बंद करून पुण्याला मुलाकडे आलात. वय ६८. सोसायटी मोठी, पण बोलायला माणूस नाही आणि दिवस कशासाठी उजाडतो ते कळत नाही.

बागेत ‘काय, बरं आहे ना?’ म्हणणारे दहाजण सहज भेटतील. पण चार दिवस दिसला नाहीत तर चौकशी करणारं कुणी हवं, आणि ते आपोआप होत नाही, त्याची सोय करावी लागते. माझ्या मते त्याला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वाचनाचा छोटा कट्टा. नुसतं ‘गप्पा मारायला’ जमलेले लोक तिसऱ्या आठवड्यात दुखण्यांवर आणि राजकारणावर येतात. मधे वाचायला काहीतरी असलं की बोलणं आपसूक चांगल्या वळणाला लागतं.

माणसं ६ ते ८. त्याहून कमी असली तर दोघं आजारी पडले की बैठक मोडते, जास्त झाली तर तिघंच बोलतात. आठवड्यातून दोनदा, वार आणि वेळ पक्की, एक तास. सकाळी साडेदहा बरी, फिरणं-नाश्ता-गोळ्या उरकलेल्या असतात. स्वयंपाक बघणाऱ्या बायका मात्र तेव्हा अडकलेल्या असतात. त्या येणार असतील तर दुपारी चार.

फळ्यावर सूचना लावून कुणी येत नाही. एकेकाला भेटा, आणि ‘या कधीतरी’ म्हणू नका. ‘गुरुवारी साडेदहाला या, येताना रविवारची पुरवणी आणा’ असं सांगा. काम दिलं की माणूस येतो.

जागा तळमजल्यावर हवी आणि शौचालय जवळ हवं. बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्याला, प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्याला मधे उठावंच लागतं. सोय लांब असली की तो कारण न सांगता येणं बंद करतो. सतरंजी नको, हाताच्या खुर्च्या हव्यात.

बरेच कट्टे ऐकू न येण्यामुळे मोडतात, आणि हे कुणाच्या लक्षातच येत नाही. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ पुसट होतात. म्हणून माणूस म्हणतो, ‘आवाज येतो, शब्द कळत नाही.’ ओरडून बोललं तर शब्द आणखी फाटतो. फरशी आणि काचांच्या क्लबहाऊसमध्ये आवाज घुमतो, त्यात पंख्याची घरघर. चारदा हसण्यावारी नेऊन पाचव्यांदा तो माणूस घरीच बसतो. त्यासाठी लहान खोली घ्या, पडदे असलेली असेल तर उत्तम. पंखा हळू ठेवा. खुर्च्या गोलात मांडा, समोरासमोरचं अंतर सात-आठ फुटांच्या आत. वाचणाऱ्याची पाठ खिडकीकडे नको, तोंडावर उजेड पडू दे, कारण कमी ऐकणारे ओठ बघून बरंच समजून घेतात. माइक लावू नका.

वाचन १५ मिनिटांचं पुरे, म्हणजे सावकाश वाचलेले साधारण दीड हजार शब्द. पुस्तकाच्या पानाची १४१ टक्क्यांवर मोठी केलेली झेरॉक्स काढली की चष्मा असूनही अडखळणारे वाचू लागतात. वाचणारा दर वेळी वेगळा. मग ज्याला जे आठवेल ते. बऱ्याच घरांत गेलेल्या माणसाचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. इथे गोष्टीतल्या आईवरून, अंगणावरून, एखाद्या भांडणावरून ते नाव सहज निघतं आणि ऐकणारे थांबवत नाहीत. तुम्हाला याची गरज लागेल.

चहा ठेवा, खाणं नको. एकाने वड्या आणल्या की दुसरा ढोकळा आणतो, आणि मग ज्याच्या घरी सुनेला वेळ नाही तो यायचा थांबतो.

एक वही हवीच: नाव, फोन, रक्तगट, घरच्या एकाचा नंबर, हजेरी. न आलेल्याला त्याच दिवशी बारापर्यंत फोन. ‘का आला नाहीत?’ असं विचारलं तर जाब वाटतो. ‘आज अमुक कथा झाली, पुढची तुम्ही वाचायची आहे’ असं सांगावं. सलग दोनदा आले नाहीत तर घरी जावं, फोनवर ‘ठीक आहे’ म्हटलं तरी. व्हॉट्सॲप गट हवा तर काढा, पण हा फोन त्यावर ढकलू नका.

एक मात्र वेगळं ठेवा. झोप, भूक आणि कशातही मन न लागणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. तो औषधाने बरा होणारा आजार असू शकतो. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथेही बोलता येतं.

पहिल्या गुरुवारी दोघंच आले तरी वाचा, आणि वही त्याच दिवशी सुरू करा.