टेम्पोच्या घसाऱ्यासाठी 44एडी सोडावं का?

इलेक्ट्रिकल सामानाचा घाऊक व्यापार, एकट्याची मालकी, 2025-26 ची उलाढाल 1 कोटी 40 लाख. त्यातले 1 कोटी 20 लाख बँकेतून आले, 20 लाख रोखीत आणि उधारीत. खरा नफा साडेपाच लाखांच्या आसपास, शिवाय ठेवींचं 40 हजार व्याज. दोन वर्षं प्राप्तिकराच्या कलम 44एडीखाली, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून, रिटर्न भरलं. फेब्रुवारीत 9 लाखांचा टेम्पो घेतला आणि आता तुम्ही विचारता: ‘घसारा, म्हणजे टेम्पोच्या झिजेची वजावट, मिळावा म्हणून यंदा 44एडीतून बाहेर पडू का?’

माझं उत्तर, पडू नका. कारण तुमचे आकडेच सांगतात.

44एडीत बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के आणि बाकीवर 8 टक्के नफा धरतात. म्हणजे 7.20 लाख अधिक 1.60 लाख, 8.80 लाख. व्याज धरून 9.20 लाख. कमावले साडेपाच आणि दाखवायचे पावणेनऊ, हे मनाला लागतं, मान्य. पण नव्या करप्रणालीत यावर 32,000 रुपये कर निघतो आणि 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या सवलतीत तो सगळा माफ होतो. भरायचे शून्य.

आता बाहेर पडून पाहा. टेम्पोचा घसारा 15 टक्के, पण वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यामुळे यंदा निम्माच, म्हणजे 67,500. व्याजासकट उत्पन्न सव्वापाच लाखांच्या जवळ येतं. कर? तोही शून्य. वाचलं काहीच नाही, आणि गळ्यात मात्र ऑडिट पडलं. पाच वर्षं पुरी होण्याआधी 44एडी सोडली आणि उत्पन्न 4 लाखांच्या करमुक्त मर्यादेवर असेल, तर उलाढाल 1 कोटी 40 लाख असो की 40 लाख, वह्या आणि ऑडिट दोन्ही सक्तीचे. वर पुढची पाच वर्षं परतीचा दरवाजा बंद. सीएची दर वर्षीची फी धरा, म्हणजे या 67,500 च्या घसाऱ्याची किंमत कळेल.

44एडीत राहूनही घसारा वेगळा मिळत नाही, तो दिलाच असं समजून टेम्पोची पुस्तकी किंमत दर वर्षी कमी होते. कर शून्यच असताना त्याचं वाईट वाटून घेऊ नका. टेम्पो भाड्याचे पैसे वाचवत असेल तर तो व्यवहार चांगला, नाहीतर घसाऱ्याने तो सुधारत नाही.

हे सगळं गणित नव्या करप्रणालीवर उभं आहे. पूर्वी फॉर्म 10-आयईए भरून जुनी प्रणाली घेतली असेल, तर 9.20 लाखांवर खरोखरचा कर बसेल. मुदतीत तोच फॉर्म भरून नव्या प्रणालीत परत येता येतं, हे आधी तपासा.

उधारीकडेही बघा. त्या 20 लाखांतली जी येणी रिटर्नच्या मुदतीआधी बँकेतून जमा होतील, त्यांना 8 ऐवजी 6 टक्के लागतात. यूपीआयने घ्या, धनादेशाने घ्या, पण रोख नको. विक्रीतल्या रोखीचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आत आणलंत तर 44एडीची मर्यादाही 2 कोटींवरून 3 कोटी होते. धंदा वाढतोय तर हे लागेलच.

वह्या सक्तीच्या नाहीत म्हणून ठेवायच्याच नाहीत, असं करू नका. आयटीआर-4 या 44एडीच्या रिटर्न फॉर्ममध्ये येणी, देणी, शिल्लक माल आणि रोख यांचे आकडे भरावेच लागतात, आणि उलाढाल जीएसटीच्या रिटर्नशी जुळली पाहिजे. शिवाय 6 टक्के हा किमान दर आहे. एखाद्या वर्षी खरा नफा 10 टक्के झाला, तर 10 टक्केच दाखवायचा.

पुन्हा विचार दोनच वेळी करा. धंद्यात खराखुरा तोटा झाला तर, कारण तो पुढे आठ वर्षं ओढता येतो आणि 44एडीत तो दिसतच नाही. किंवा एकूण उत्पन्न 12 लाखांच्या वर जाऊ लागलं तर, तेव्हा कागदावरच्या नफ्यावर खरे पैसे भरावे लागतील आणि ऑडिटची फी स्वस्त वाटू शकेल. एक लक्षात असू द्या: 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने पुढच्या वर्षी या कलमाचा क्रमांक वेगळा दिसेल. यंदाचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे.