वाचकांचे प्रश्न : नव्या घरातील शिवणखोली

प्रश्न : आम्ही लवकरच नव्या घरात राहायला जात आहोत. गेली अठरा वर्षे मी जेवणाच्या टेबलावर मशीन मांडून आणि काम झाले की उचलून शिवणकाम करत आले. आता सुमारे दहा बाय अकरा फुटांची एक खोली केवळ शिवणासाठी मिळणार आहे. सुताराने दोन भिंती भरून कपाटे सुचवली आहेत. मी कपडे, पडदे आणि अधूनमधून रजया शिवते. खोलीची आखणी कोठून सुरू करावी?

उत्तर : अठरा वर्षे मांडामांड आणि आवराआवर करून ज्यांनी शिवण सोडले नाही, त्यांना हक्काची खोली मिळते आहे हे वाचून मनापासून आनंद झाला. माझी पहिली विनंती अशी की सुताराचा आराखडा तूर्त बाजूला ठेवावा. कपाट ही कापड थांबण्याची जागा आहे, आणि शिवणखोली ही मुख्यतः कापड फिरण्याची जागा असते. कपाटे आधी ठरवली की उरलेल्या जागेत टेबल, मशीन आणि इस्त्री कशीबशी बसवावी लागतात, आणि त्याचा त्रास पुढे अनेक वर्षे पाठीला व गुडघ्यांना होत राहतो.

म्हणून आखणीची सुरुवात कापडाच्या वाटेपासून करावी. कापड कपाटातून निघून बेतण्याच्या टेबलावर येते, तेथून मशीनवर जाते, मशीनवरून इस्त्रीखाली आणि इस्त्रीखालून पुन्हा मशीनवर. या शेवटच्या दोन टप्प्यांमधील फेऱ्या इतर सर्व फेऱ्यांहून कितीतरी अधिक असतात. एका साध्या सदऱ्याच्या वेळी मी त्या मुद्दाम मोजल्या होत्या : कॉलर, कफ, खांदे, बाह्या आणि बाजूच्या शिलाया मिळून मी बावीस वेळा मशीनवरून इस्त्रीकडे गेले. त्या काळी माझी इस्त्री शेजारच्या खोलीत होती. चार-पाच फेऱ्यांनंतर मनुष्य ‘शेवटी एकदमच इस्त्री करू’ असे म्हणू लागतो, आणि तेथेच शिवण बिघडते. टीप घातल्यावर लगेच इस्त्री फिरवली तर टाके कापडात नीट बसतात आणि शिलाईची दुमड सपाट होते. ती दुमड फुगलेली असतानाच तिच्यावरून दुसरी टीप गेली, तर त्या जागी जो गोळा राहतो तो नंतर कितीही इस्त्री केली तरी पूर्णपणे जात नाही. माझ्या त्या काळातील कॉलरींची टोके जाड राहत, त्याचे कारण माझ्या हातात नव्हते, घराच्या मांडणीत होते.

यासाठी इस्त्री मशीनच्या इतकी जवळ असावी की खुर्ची वळवली की हात पोहोचला पाहिजे. मशीनच्या टेबलाला काटकोनात, त्याच उंचीवर, इस्त्रीसाठी लहान फळी ठेवावी आणि छोट्या शिलाया तेथे बसूनच दाबाव्यात. पडद्यासारख्या लांब कापडासाठी उंची बदलता येणारा इस्त्रीचा टेबल वेगळा असावा, तो भिंतीला टेकवून उभा ठेवता येतो. इस्त्रीसाठी स्वतंत्र, मोठ्या क्षमतेचा सॉकेट टेबलाच्या उंचीवर काढून घ्यावा. वाफेच्या इस्त्रीला दोन हजार वॅट किंवा त्याहून अधिक वीज लागू शकते, त्यामुळे ती आणि मशीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर कधीही जोडू नयेत. त्या सॉकेटवर लाल दिवा बसवून घ्यावा आणि तो दारातून दिसेल अशा ठिकाणी असावा, म्हणजे खोलीतून बाहेर पडताना इस्त्री चालू राहिली आहे की नाही हे एका नजरेत कळते. ही सर्व कामे भिंतींना रंग देण्यापूर्वी उरकून घ्यावीत.

आता बेतण्याच्या टेबलाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात. नेहमीचे टेबल सुमारे तीस इंच उंच असते. ते बसून लिहिण्या-जेवण्यासाठी योग्य आहे, परंतु उभे राहून कापड कापताना कंबर वाकते आणि तासाभरात पाठ भरून येते. सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे, जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर कोणाकडून तरी मोजून घ्यावे आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करावेत. मध्यम उंचीच्या व्यक्तीसाठी हे माप बहुधा चौतीस ते छत्तीस इंचांच्या आसपास येते. नवे टेबल घ्यायचे नसेल तर जुन्याच्या पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे बसवले तरी चालते, मात्र ठोकळ्यांना खोबणी असावी, नाहीतर टेबल घसरते. रुंदी ठरवताना कापडाचा पन्हा पाहावा. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचे कापड दुमडले की बावीस इंच होते, अठ्ठावन्न ते साठ इंचांचे दुमडून तीस इंचांपर्यंत येते. त्यामुळे तीन फूट रुंद आणि पाच फूट लांब टेबल बहुतेक कामांना पुरते.

या टेबलाची केवळ एक आखूड बाजू भिंतीला लावावी आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी फिरता यावे. कापताना कापड फिरवू नये, आपण टेबलाभोवती फिरावे. दुमडलेले कापड उचलून वळवले की वरचा थर खालच्यावरून थोडासा सरकतो, उभा धागा तिरपा होतो आणि ती चूक पहिल्या धुण्यानंतर बाजूची शिलाई पुढे वळली की दिसते. आपल्या दहा फुटी भिंतीच्या मधोमध तीन फूट रुंदीचे टेबल लावले तर दोन्ही अंगांना साडेतीन फूट उरतात. त्यांपैकी एका अंगाच्या भिंतीला एक फूट खोल कपाट आले तरी अडीच फुटांची वाट मोकळी राहते. समोरच्या सहा फुटांत मशीन आणि इस्त्री येतील. म्हणजे आपल्या खोलीत कपाटांना एकच भिंत द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय दोन फूट खोल कपाटात मागच्या रांगेतील कापड दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते शिवले जात नाही.

मशीनची सुई आपल्या नाकाच्या सरळ रेषेत यावी, मशीनच्या मधोमध बसू नये. मशीन टेबलावर नुसते ठेवलेले असेल तर कापड सरकण्याची पातळी टेबलाहून वर जाते आणि खांदे उचललेले राहतात. त्यासाठी टेबल तेवढे बुटके घ्यावे किंवा टेबलाला खाच करून मशीन आत बसवावे. कापडाचा सगळा पसारा सुईच्या डाव्या हाताला असतो, हे लक्षात घेऊन त्या बाजूला दीड ते दोन फूट टेबल मोकळे सोडावे. आपण पडदे आणि रजया शिवता, म्हणून हे विशेष महत्त्वाचे आहे. जड कापड टेबलाखाली लोंबू लागले की ते सुईला ओढते, टाके लहानमोठे होतात आणि सुई वाकून खालच्या पट्टीवर आपटते व मोडते. खुर्चीला हात नसावेत, आणि विजेचे मशीन असेल तर पायाखालच्या पेडलखाली रबराचा तुकडा घालावा, म्हणजे ते पुढे पुढे सरकत नाही.

हे सगळे कागदावर आखून झाले तरी सुताराला लगेच बोलावू नये. खोलीच्या फरशीवर त्या त्या मापाची वर्तमानपत्रे पसरावीत, त्यांच्यामध्ये चालून पाहावे, मग असलेले टेबल आणि मशीन तेथे मांडून निदान एक कपडा अथपासून इतिपर्यंत शिवावा. कात्री शोधायला कितीदा उठलो, टाचण्या कोठे ठेवल्या गेल्या, कापलेले तुकडे कोठे साचले, हे त्या एका कपड्यात कळते, आणि कप्पे कोठे हवेत हे सुताराला त्यानंतरच सांगता येते.

प्रश्न : माझ्या शिवणाच्या खोलीला एकच खिडकी आहे. मशीन तिच्यासमोर ठेवावे का? रात्री काळ्या कापडावरची टीप उसवताना मला काहीच दिसत नाही. दिवा कोणता घ्यावा?

उत्तर : खिडकी समोर नको, डाव्या हाताला असावी. समोरच्या उजेडाने डोळे दिपतात आणि त्यामानाने सुईजवळचा भाग काळोखा वाटतो. उजव्या बाजूने येणारा उजेड मशीनच्या उभ्या खांबाने अडतो व त्याची सावली नेमकी सुईवर पडते. हाताने टाके घालताना मात्र प्रत्येकाने आपला हात पाहावा : उजव्या हाताने शिवणाऱ्यांना डावीकडून आणि डावऱ्यांना उजवीकडून उजेड हवा.

दिवा घेताना केवळ वॅट पाहू नयेत. वेष्टनावर प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये दिलेला असतो. चार ते पाच हजार केल्व्हिनचा प्रकाश शिवणाला चांगला, कारण त्याहून पिवळ्या प्रकाशात निळा, काळा आणि गडद जांभळा यांतला फरक ओळखणे कठीण जाते. रंग किती खरे दिसतात याचाही एक अंक असतो, त्याला सीआरआय म्हणतात, तो नव्वद किंवा अधिक असावा. तरीही कापडाशी दोरा जुळवण्याचे काम दिवसा खिडकीपाशीच करावे. दिव्याखाली तंतोतंत जुळलेली दोन रंगांची जोडी उन्हात वेगळी पडू शकते, कारण दोन्हींत वापरलेले रंग निराळे असतात.

काळ्यावरच्या काळ्या टाक्यांना अधिक प्रखर दिवा लागत नाही, आडवा दिवा लागतो. मान वाकवता येणारा लहान दिवा अगदी खाली, जवळजवळ कापडाच्या पातळीवर आणावा आणि त्याचा झोत शिलाईवरून तिरपा सोडावा. वरून पडणाऱ्या उजेडात सपाट काळे कापड दिसते, परंतु या तिरप्या झोतात प्रत्येक टाका तांदळाच्या दाण्यासारखा उठून येतो आणि त्याच्या पलीकडे त्याची बारीक सावली पडते. शिलाईचे दोन्ही पदर किंचित ताणून धरले की पदरांमधले दोऱ्याचे आडवे दुवे उघडे पडतात, आणि उसवणीचे टोक कापडाला न लागता त्यांच्याखाली घालता येते.

खिडकीसंबंधी आणखी एक गोष्ट. उघड्या फळ्यांवर कापडाच्या घड्या ठेवत असाल तर त्यांवर थेट ऊन येऊ देऊ नये. ऊन सगळ्या कापडावर पडत नाही, केवळ घडीच्या कडेवर पडते. काही महिन्यांनी घडी उघडावी तर कापडाच्या मधोमध फिकट पट्टा उमटलेला असतो, आणि बेतताना तो टाळणे फार अवघड जाते. रेशमाच्या बाबतीत हे विशेष लवकर घडते.

प्रश्न : माझ्याकडे बरीच वर्षे जमवलेले कापड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवलेले आहे. घर बदलताना उघडले तर काहींना कुबट वास येतो आहे. नव्या खोलीत ते कसे ठेवावे?

उत्तर : कापडात थोडा जरी ओलावा राहिला असेल तरी बंद पिशवीत तो कोंडला जातो आणि बुरशी धरते. प्रथम सर्व कापड उघडून, जे धुण्याजोगे असेल ते धुऊन पूर्ण वाळवावे. कोऱ्या कापडातील खळ काढून टाकण्याचा दुहेरी लाभ होतो : खळीवर येणारी कीड टळते आणि कापड शिवण्यापूर्वीच आटून घेते. लोकर आणि रेशीम वेगळे ठेवावे, कारण कसरीची अळी प्राणिज धाग्यांवर जगते आणि सुती कापडाच्या वाटेला सहसा जात नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवू नये, मागे दोन बोटे हवा खेळू द्यावी. लाकडी फळीवर जुने स्वच्छ सुती कापड अंथरून मगच घड्या रचाव्यात, नुसत्या लाकडाचे डाग कालांतराने कापडात उतरतात. जरीच्या कापडाची घडी दर काही महिन्यांनी बदलावी, अन्यथा घडीवरच जर तुटते.

सगळ्या घड्या एकाच मापाच्या पुठ्ठ्याभोवती घालून पुस्तकांसारख्या उभ्या ठेवल्या तर एक काढताना दहा कोसळत नाहीत. प्रत्येक घडीला चिठ्ठी टाचावी व तिच्यावर लांबी, पन्हा, धाग्याचा प्रकार आणि ‘धुतले’ किंवा ‘कोरे’ एवढे लिहावे. जुन्या दोऱ्याचे रीळ ठेवण्यापूर्वी वीतभर दोरा दोन्ही हातांनी झटका देऊन ओढून पाहावा. सहज तुटला तर तो मशीनवरही तुटणार, तेव्हा कितीही आवडता रंग असला तरी त्याने फक्त कच्चे धावदोरे घालावेत. इलॅस्टिकही तसेच ताणून पाहावे, उष्णतेने आणि जुनेपणाने त्याचा जीव जातो.

प्रश्न : शिवणखोलीत गालिचा घालावा का? घरात तीन वर्षांचे मूल आहे.

उत्तर : गालिचा घालू नये. पडलेली टाचणी त्याच्या लवीत शिरते आणि पायालाच सापडते. जमीन गुळगुळीत, एकरंगी आणि फिकट असावी, नक्षीदार फरशीवर टाचणी दिसत नाही. काम संपल्यावर दोरीला बांधलेले लोहचुंबक टेबलाखालून आणि खुर्चीभोवती फिरवावे. पितळेच्या टाचण्या चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणून मूल लहान असेपर्यंत पोलादी आणि रंगीत डोक्याच्या टाचण्याच वापराव्यात, आणि काम सुरू करताना त्या मोजून घ्याव्यात. मोडक्या सुया केराच्या टोपलीत टाकू नयेत, त्यासाठी घट्ट झाकणाची लहान बाटली ठेवावी. कात्र्या, गोल पात्याची सुरी आणि उसवणी यांचा कप्पा मुलाच्या हाताबाहेर आणि कुलपाचा असावा. मशीनवरून उठताना, अगदी दारापर्यंतच जायचे असले तरी, मशीनची वीज बंद करावी, कारण पेडल नेमके मुलाच्या उंचीवर असते.