मोटरहोमसाठी ट्रकची चेसिस मधून कापून वाढवावी का?

तुम्ही विचारलंय, ४२०० मिमी व्हीलबेसचा (म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधल्या अंतराचा) जुना ट्रक स्वस्तात मिळतोय, चेसिस मधून कापून तीन फूट वाढवली तर मागे बेड आणि बाथरूम बसेल का. बसेल हो. पण मधून कापू नका.

बावीस वर्षं चेसिसचंच काम करतोय. दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये फ्रेम खाली वाकायला बघते, म्हणजे चॅनलची (फ्रेमच्या लांब सी-आकाराच्या तुळईची) खालची पट्टी तिथे सगळ्यात जास्त ताणली जाते, आणि तुम्ही जोड नेमका तिथेच देणार. वेल्डिंग कितीही देखणं झालं तरी त्या उष्णतेने शेजारचं पोलाद मऊ पडतं. जोड टिकतो, बाजूला तुटतं. दुसरीकडे वाढवून घेतलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नव्हती, पण आतून टाकलेल्या चॅनलचं टोक सरळ कापलेलं. बरोबर त्या टोकाशी, खालच्या पट्टीत पाडलेल्या भोकापासून रंगावर केसाएवढी गंजाची रेघ. मालक म्हणाला, रंग उडालाय. ग्राइंडर मारला तर हॅकसॉचं पातं आत गेलं.

वाढवायचीच तर शेपटी, म्हणजे फ्रेमचं मागचं टोक वाढवा. मागच्या स्प्रिंगचा पाटा फ्रेमला जिथे टांगलेला असतो त्या शेवटच्या हँगरमागे, जितकं मागे जाल तितका ताण कमी. आतून जोडचॅनल, त्याची टोकं तिरकी कापलेली, बोल्ट फक्त उभ्या भागात. वरच्या-खालच्या पट्टीला भोक नाही की वेल्डिंग नाही. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीएमची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) जोडणी काढा, नाहीतर तो खर्च वेगळा. आपल्याकडे मागचा ओव्हरहँग (मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे निघालेला भाग) व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंतच चालतो, म्हणजे तुमच्या गाडीला २५२० मिमी. आधीच किती आहे ते मोजा.

मधून कापून व्हीलबेस बदलला की इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या शाफ्टला आणखी एक सेंटर बेअरिंग, कोन पुन्हा जुळवणं, बॅलन्सिंग, ब्रेकचे पाइप, एबीएसच्या वायरी, सगळं आलंच. वळायलाही जागा जास्त लागते, घाटात कळेल.

आणि हे सगळं जमलं तरी कागद? आरसीवर व्हीलबेस मिमीमध्ये छापलेला असतो. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. पासिंग अडेल, आणि अपघात झाला तर विमावाला आधी तेच बोट दाखवेल. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. म्हणून शेपटी वाढवायची असली तरी आधी आरटीओला लेखी विचारा, मग ग्राइंडर.

मी तुमच्या जागी असतो तर जास्त व्हीलबेसचाच ट्रक शोधला असता. तीन फुटांच्या कामाला जे पैसे जातील ते त्यात घाला.

आता बघितलेल्या गाडीचंच म्हणाल तर टोकन द्यायच्या आधी दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडून पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून मागच्याच्या मध्यापर्यंत टेप लावा आणि आकडा आरसीशी ताडून बघा. स्वस्तातल्या गाड्यांत कुणीतरी आधीच हात मारलेला सापडतो.