मुलांचा व्यायाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा आहे. डंबेल उचलले तर उंची खुंटते, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली, बेताच्या वजनाने केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. दर वेळी हाच प्रश्न येतो. १० ते १५ वेळा, श्वास न कोंडता, नीट उचलता येईल एवढंच वजन घ्यावं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. ‘जास्तीत जास्त किती उचलतोस बघू’ ही पैज मात्र बंद. हृदयविकार, रक्तदाब किंवा फिट्सचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : दहा वर्षांचा मुलगा दोन महिने जोर काढतोय, तरी दंड भरत नाहीत.

उत्तर : इतक्यात भरणारही नाहीत. वयात येण्याआधी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू, नसा आणि स्नायूंचा मेळ बसल्याने.

प्रश्न : १४ वर्षांच्या मुलाला जिममधल्या सरांनी प्रोटीन पावडर सांगितली आहे.

उत्तर : सांगणारा आणि विकणारा एकच आहे का, ते आधी पाहा. स्नायू वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही डब्यांत लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइड्स सापडली आहेत. त्यांनी हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा, म्हणजे हाड जिथून लांब होतं तो मऊ थर, वेळेआधी बंद होते. उंचीची काळजी असेल तर ती इथे करा. रोजच्या जेवणात काही कमी पडतंय असं वाटलं तर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा, वजन जरा जास्त. तीन आठवडे उजवा गुडघा दुखतोय, थोडा लंगडतो. प्रशिक्षक म्हणतात, वाढीचं दुखणं आहे. मालीश चालू आहे.

उत्तर : तीन आठवडे! वाढीचं दुखणं बहुधा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येतं आणि सकाळी मूल उड्या मारत असतं. एकच पाय दुखणं आणि लंगडणं त्यात बसत नाही. धावण्या-उड्यांचा अतिरेक झाला की वाटीखालच्या हाडाचा उंचवटा दुखतो. ते दुखणं विश्रांतीने उतरतं. तेवढंच असेल तर उत्तम. पण या वयात, विशेषतः वजनदार मुलांत, मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा वाढीच्या कूर्चेपाशी सरकू शकतो. बिघाड खुब्यात असतो आणि दुखतो गुडघा! मग गुडघ्याचा एक्स-रे चांगला येतो, घरचे निश्चिंत होतात आणि गोळा सरकतच राहतो. वेळीच कळलं तर स्क्रू घालून तो थांबवता येतो. उशिरा, एकदम निसटला तर रक्तपुरवठा तुटून खुबा कायमचा बिघडू शकतो. म्हणून मालीश थांबवा, त्या पायावर भार देऊ नका आणि आजच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. दोन्ही खुब्यांच्या एक्स-रेबद्दल आवर्जून विचारा. स्पर्धा जवळ आली आहे वगैरे कारणं नकोत.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीला घरच्या ट्रेडमिलवर चालवू का?

उत्तर : नको. पट्ट्यात बोटं सापडतात. मशीन बंद करून किल्ली काढून ठेवा आणि तिला रोज तासभर बाहेर पळू द्या.