बेसबॉल संघाचा जनरल मॅनेजर कसा घडतो?

प्रश्न : अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये विजेतेपदाचे श्रेय अनेकदा जनरल मॅनेजरलाही दिले जाते. मैदानावर न दिसणारी ही व्यक्ती नेमके काय करते, आणि या पदासाठी मोठा खेळाडू असणे आवश्यक असते का?

उत्तर : पिचर म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू केव्हा बदलायचा, फलंदाजीचा क्रम कसा ठेवायचा, हे संघाचा मॅनेजर ठरवतो. त्याच्या हाताशी मुळात कोणते खेळाडू असावेत, हे ठरवणे जनरल मॅनेजरचे काम. नवोदितांची निवड, करार, इतर संघांशी अदलाबदल आणि मायनर लीग या दुय्यम स्तरावरील स्पर्धांमधील मुलांची जडणघडण हे सारे त्यात येते.

मोठा खेळाडू असणे मुळीच आवश्यक नाही. पुढे यशस्वी जनरल मॅनेजर ठरलेले पॅट गिलिक मायनर लीगमध्ये पिचर होते, पण मेजर लीग या सर्वोच्च स्तरावर एकही सामना खेळले नाहीत. 1963 मध्ये ते ह्यूस्टन संघाच्या कार्यालयात रुजू झाले आणि होतकरू खेळाडू हेरण्याचे काम शिकले. 1976 मध्ये ते टोरंटो ब्लू जेज या नव्या संघात आले. पहिल्याच हंगामात या संघाने 107 सामने गमावले. पुढे जनरल मॅनेजर म्हणून गिलिक यांनी डोमिनिकन प्रजासत्ताकासारख्या देशांत खेळाडू शोधण्यावर भर दिला आणि इतर संघांनी दुर्लक्षिलेल्या जॉर्ज बेलसारख्यांना संधी दिली. 1985 मध्ये संघ प्रथमच प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, पोहोचला, तरी अंतिम यश हुलकावणी देत राहिले.

माझ्या मते या पदाची खरी कसोटी इथे लागते, कारण चांगला संघ उभारण्यापेक्षा स्वतःच उभारलेला चांगला संघ मोडण्याचा निर्णय अधिक अवघड असतो. डिसेंबर 1990 मध्ये गिलिक यांनी फ्रेड मॅकग्रिफ आणि टोनी फर्नांडेझ हे आपले दोन आधारस्तंभ सॅन डिएगो संघाला देऊन रॉबर्टो अलोमार आणि जो कार्टर यांना घेतले. 1992 आणि 1993 अशी सलग दोन वर्षे टोरंटोने वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. दुसऱ्या विजेतेपदावर शिक्कामोर्तब झाले ते कार्टरच्या होम रनने, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर टोलवणाऱ्या फटक्याने. पुढे 2008 मध्ये गिलिक यांच्याच कारकीर्दीत फिलाडेल्फियाचा संघही विजेता ठरला.

ही वाट सर्वांसाठी सारखी खुली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. 1990 मध्ये शिकाऊ म्हणून सुरुवात करणाऱ्या किम एंग यांची पात्रता अनेक वर्षे सर्वज्ञात होती. तरीही मायामी मार्लिन्सने त्यांना मेजर लीगमधील पहिली महिला जनरल मॅनेजर नेमले, ते 2020 मध्ये.