वडिलांना ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) स्ट्रोकनंतर लॉक्ड-इन अवस्थेत (शुद्ध आहे, पण अंग हलत नाही) ऐरोलीला घरी आणलंय. फक्त डोळे हलतात. त्यांच्याशी मराठीत बोलणं कसं जमवायचं?

नजर वर म्हणजे ‘हो’, खाली म्हणजे ‘नाही’ हे आजच ठरवा, आणि अक्षरतक्ता बाराखडीचा न करता वर्गांचा करा. इजा पॉन्सला, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मधल्या भागाला असते. डावी-उजवी नजर तिथून चालते म्हणून ती जाते, वर-खाली नजर त्याच्या वरच्या मिडब्रेनकडे असते म्हणून टिकते. पापणी मिटण्याची खूण नको, ती आपोआपही मिटते.

तक्त्याच्या ओळी: स्वर, क, च, ट, त, प, य, श. ओळी मोठ्याने म्हणा, नजर वर गेली की थांबा, मग त्याच ओळीतली अक्षरं. प्रत्येकानंतर दोन-तीन सेकंद द्या. घाई केली की उत्तर पुढच्या अक्षरावर पडतं. मात्रा सोडाच. ‘प-ठ-ख-ज-त’ आलं की ‘पाठ खाजते’ हे घरच्यांना कळतं. तरी विचारून खात्री करा, परस्पर शब्द पुरा करू नका (सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट हीच). कफ, श्वास, कूस, डोळ्यांची चुरचुर यांची वेगळी ओळ सगळ्यांत आधी विचारायची.

मात्र रोज सुरुवातीला ‘आपण ऐरोलीत राहतो?’, ‘आपण डोंबिवलीत राहतो?’ असं विचारून बघा. दोन्हींना ‘हो’ आलं तर ते बहुधा दमलेत, तेव्हा महत्त्वाचं काही ठरवू नका. सुस्ती नेहमीपेक्षा जास्त वाटली तर डॉक्टरांना लगेच कळवा. आय-ट्रॅकर (नजर टिपून संगणक चालवणारं यंत्र) घेणार असाल तर नुसत्या वर-खाली नजरेवर तो चालतो का, हे आधी वडिलांवरच तपासून घ्या.