जाड, गोलसर अक्षर आणि फॉन्टचं करिअर

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘बालू’सारखा जाड, गोल टोकांचा देवनागरी फॉन्ट करायला घेतलाय. कोपरे सॉफ्टवेअरच्या फिल्टरने (सगळे कोपरे आपोआप गोल करणाऱ्या सोयीने) गोल केले, पण शब्दांत मध्येच काळे डाग पडल्यासारखे दिसतात. यात करिअर होईल का?

उत्तर : होईल. पण आधी ते डाग बघू, कारण तुझं काम तपासणारा माणूसही आधी तेच बघेल.

काना आणि शिरोरेखा मोजून सारख्या जाडीच्या ठेवल्या, तर आडवी रेघ डोळ्याला जास्त जाड वाटते. शिरोरेखा किंचित बारीक कर. क, म, भ यांत रेघा जिथे मिळतात तिथे काळं साचतं. तेवढ्याच जागी रेघ निमुळती करायची. ‘क्ष’ किंवा ‘ष’चं पोट बुजत असेल तर अक्षर रुंद कर. गोल टोक खालच्या रेषेला फक्त मधोमध टेकतं, म्हणून काना आखूड दिसतो. फॉन्टमध्ये अक्षर ज्या चौकटीत काढतात, ती १००० युनिटांची असेल तर तो दहाएक युनिट खाली उतरव. शिरोरेखेची टोकं मात्र गोल करू नकोस, नाहीतर दर दोन अक्षरांमध्ये खाच पडते. फिल्टर सगळ्यात शेवटी, आणि टोकदार कोपऱ्यांची मूळ फाइल जपून ठेव.

हे अक्षर पुड्यावर, पाटीवर, मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, ॲपच्या बटणावर शोभतं. ९-१० पॉइंटच्या मजकुरात उकार आणि रफार बुजतात. जप्तीच्या नोटिशीला लावलं तर ती बारशाचं आमंत्रण वाटेल! तरी ते फक्त पोरांसाठी आहे असं समजू नकोस. ‘व्हॅग राउंडेड’ हा फॉन्ट मोटारी विकणाऱ्या फोक्सवॅगनसाठी बनला होता.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट स्टुडिओचा ‘बालू’ खुल्या परवान्याचा आहे, म्हणजे तो कुणीही वापरू आणि बदलू शकतं. ‘बालू २’मध्ये रेग्युलर ते एक्स्ट्राबोल्ड अशा पाच जाड्या आहेत. फाइल उघडून अभ्यास कर. त्यात बदल करून नवा फॉन्ट काढलास तर तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, आणि पोर्टफोलिओत तो स्वतःचा म्हणून दाखवायचा नाही.

पूर्ण फॉन्टच्या मागे आत्ता लागू नकोस. जोडाक्षरांमुळे देवनागरीत शेकडो आकार काढावे लागतात. एकाच जाडीत ‘विठ्ठल, दुसऱ्या, हृदय, ट्रॅक्टर, वाङ्मय, ॲप’ एवढे शब्द नीट जमव. ल आणि श मराठी वळणाचे हवेत. प्रत्येक शब्द १२, २४ आणि ७२ पॉइंटला छापून पोर्टफोलिओत लाव. सरावाला फॉन्टफोर्ज हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ग्लिफ्स हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं.

निव्वळ फॉन्टवर जगणारे स्टुडिओ थोडे. म्हणून पॅकेजिंग किंवा ब्रँडिंगची नोकरी धरून हे काम वाढवणं मला शहाणपणाचं वाटतं. अक्षरं काढणारे बरेच भेटतात, पण जोडाक्षरांचे ओपनटाइप नियम (कुठली अक्षरं जुळली की कुठला आकार दाखवायचा, हे फॉन्टला सांगणाऱ्या सूचना) लिहिता येणारे कमी. ते शिकलास तर पारडं जड होईल. पुढे शिकायचं तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) आहे. रेडिंग विद्यापीठात खास टाइपफेस डिझाइनचं एम.ए. आहे, पण इंग्लंडचा खर्च आधी घरी बोलून घे. आयडीसीसाठी ‘सीड’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती साधारण जानेवारीत होते आणि अर्ज काही महिने आधीच भरायचे असतात, तेव्हा शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच तारखा बघून ठेव.